वरच्या मजल्यावरची फेरमोजणी

अमेरिकेचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास ज्या एका माणसाने समूळ बदलून टाकला, तो सौदीतल्या जिझानमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. अमेरिकेला याची कल्पना नाही. हे गृहस्थ मूळचे नाशिकचे. ते अमेरिकेला कधी गेलेले नाहीत. तिथला व्हिसा त्यांना दोनदा नाकारला गेला, त्यामुळे आपला निःपक्षपातीपणा संशयातीत आहे असं ते स्वतःच सांगतात.

रिफायनरीत ते सुरक्षेचे इंजिनिअर. नवी पाइपलाइन टाकण्याआधी चार जणांना टेबलाभोवती बसवायचं, 'प्रवाह उलटा गेला तर? दाब वाढला तर?' असे प्रश्न विचारायचे आणि कारण, परिणाम, उपाय असे रकाने भरायचे, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं हेच करणारा माणूस घरी येऊन स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी पाइपलाइनीच्या जागी निवडणूक घातली. निवडणूकही एकच, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची, दोन हजार सालची, जिचा निकाल एका राज्यातल्या काहीशे मतांवर अडला होता. पहिल्या रकान्यात 'हरलेला जिंकला तर?' आणि पुढे परिणामांची रांग : युद्ध झालं नसतं, तेल भडकलं नसतं, सौदीत एवढे कारखाने निघाले नसते आणि नाशिकच्या माणसाला घर सोडावं लागलं नसतं. इमारतीची लिफ्ट बंद पडली की दोन जिने चढेपर्यंत ते तिचा संबंध त्या मतमोजणीशी लावून दाखवत. एकदा इकाम्याचं, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण रखडलं, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी हातवारे करून संपूर्ण निकाल समजावून दिला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, 'खलास' म्हणाला आणि दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी हा पाठिंबा समजून नोंदवून ठेवला.

शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे पोहे आणि नव्या परिणामांचं वाचन असे. श्रोते दोन, मी आणि रत्नागिरीकडचे किराणा दुकानदार, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. एकदा चाचांनी विचारलं, "साहेब, तो तुमचा मानूस निवडून आला असता तर सुका बांगडा स्वस्त झाला असता काय?" त्यांनी बांगड्यासाठी स्वतंत्र ओळ उघडली.

या वाचनाला त्यांची मुलगी कधी बसली नव्हती. यंदा तिची बारावी झाली आणि जूनमध्ये ती पुण्याला शिकायला जाणार हे ठरलं, तेव्हापासून मात्र ती येऊन बसू लागली. एका शुक्रवारी त्यांनी शेवटची ओळ वाचली : आपण नाशिकला, सातपूरला स्वतःचं वर्कशॉप, संध्याकाळी गोदाकाठी फेरफटका. ती इथल्या भारतीय मुलांसारखी हिंदीत म्हणाली, "बाबा, इसमें मैं कहाँ हूँ?"

त्यांनी लॅपटॉपवरचा तक्ता वर नेला, खाली नेला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "हे सौदीत होते म्हणून माझ्या वडिलांनी स्थळ पाहिलं. सातपूरच्या वर्कशॉपला त्यांनी माझी पत्रिकासुद्धा दिली नसती."

मुलगी हसली, पण स्क्रीनवरून तिची नजर हलली नाही. चाचा पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिले. दोन दशकं 'असं झालं तर' विचारणाऱ्या माणसाला हा एक परिणाम दिसलाच नव्हता.

त्या आठवड्यात लिफ्ट बंद होती आणि ते मुकाट्याने जिने चढले. नंतर त्यांनी मला सांगितलं की रोज ऑफिसातून आल्यावर ते तक्ता नव्याने मांडत होते. युद्ध टाळून पाहिलं, तेल चढवून पाहिलं, स्वतःला वेगळ्या वाटेने सौदीत आणून पाहिलं. तेल जुळे, शांतता जुळे, बांगडासुद्धा जुळे. मुलीची ओळ काही केल्या भरेना.

पुढच्या शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. लॅपटॉप बंद होता. मुलीकडे बघून त्यांनी हातातला कागद वाचला : "सर्व बाजूंचा विचार करून दोन हजार सालचा निकाल मी मान्य करत आहे. जिंकलेला उमेदवार कसाही असो." मुलीने उठून त्यांच्या हातातला कागद घेतला, नीट घडी केली आणि पुण्याला न्यायच्या बॅगेत ठेवून दिला. वहिनी डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या की कांदा तिखट आहे. चाचासुद्धा उभे राहिले.

अशा रीतीने अमेरिकेतला एक प्रदीर्घ वाद मिटला. पराभूत उमेदवाराने स्वतः हा निकाल दोन हजार सालीच, डिसेंबरात मान्य केला होता.