साहेबांच्या घरातला मुडदूस

आमच्या सासूबाई साताऱ्याच्या, केतकीसारख्या गोऱ्यापान. मी अकोल्याची, उन्हात रापलेली. माझ्या वडिलांची मोठी नोकरी बघून माझा रंग त्यांनी पोटात घातला होता, पण नातवंडाच्या बाबतीत त्या तडजोडीला तयार नव्हत्या. मला दिवस गेले तेव्हापासून घरात केशर-दुधाचा आणि ओल्या खोबऱ्याचा रतीब सुरू झाला. अंगणात कपडे वाळत घालायलासुद्धा मला मनाई होती. शेजारपाजारी म्हणायचे, नशीबवान आहेस, किती जपतात तुला! जपत कसल्या होत्या, रंगकाम चालू होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लखनौला मानक नगरात रेल्वेच्या कॉलनीत आमचा क्वार्टर होता. रुळांना तडा कुठे जाईल हे आधी ओळखायचा पगार माझ्या नवऱ्याला मिळत असे. घरात मात्र त्यांना काहीच दिसत नसे.

मुलगी सप्टेंबरात झाली. रंगानं माझ्यावर गेली. सासूबाईंनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "उजळेल हळूहळू." मग उजळवण्याचा कारखाना सुरू झाला. सकाळी साय आणि बेसन, नंतर टोपडं, दोन स्वेटर, मोजे, दुलई. खिडक्यांना जाड पडदे, कोपऱ्यात हीटर. त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे.

आणि बाहेर काय चाललं होतं? लखनौच्या हिवाळ्यात धुक्यामुळे चार-चार दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. दिसलं की अख्खी कॉलनी खाटा घेऊन लॉनवर. बायका मटार सोलतायत, स्वेटर विणतायत, काळं मीठ लावून अमरूद खातायत, आणि मांडीवर उघडी पोरं पालथी घालून सरसोंचं तेल चोळतायत. सासूबाई पडद्याच्या फटीतून ते बघायच्या आणि नाक मुरडायच्या. "भाजून काढतायत पोरांना. यांना काही रीत आहे का?" वीस वर्षं त्या या शहरात राहत होत्या, पण इथल्या माणसांकडून काही घ्यावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. आम्ही मराठी माणसं, आम्हाला सगळं येतं!

पोर किरकिर करायची. एवढ्या थंडीत तिचं डोकं घामानं भिजायचं, उशी ओली व्हायची. मी म्हटलं, जरा बाहेर नेते. सासूबाई म्हणाल्या, "आईचं दूध पितेय, तिला कसली कमी?" नवरा म्हणाला, "आई म्हणतेय तर राहू दे ना यार. थंडी आहे." सिझेरियनचं पोट आवळून मी मनातल्या मनात दोघांचा उद्धार करायची.

जानेवारीत एका दुपारी बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं. मी पोरीला पाजून खाली ठेवलं आणि तिचे हात झटके देऊ लागले. डोळे वर गेले, ओठ निळसर झाले. नवरा ऑफिसात. मी तिला उचललं आणि अनवाणी लॉनवर धावले. जन्मल्यापासून माझ्या लेकीला पहिल्यांदा ऊन लागलं ते असं, आचके देताना. आणि मागून शाल घेऊन धावत आलेल्या सासूबाई ओरडल्या, "अगं, डोकं झाक तिचं, ऊन लागेल!"

हे वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. आज त्या नाहीत, तरी नाही.

शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी मटाराचं ताट तसंच टाकलं, माझा दंड धरला आणि रस्त्यावर जाऊन प्रवाशांनी भरलेला टेम्पो अडवला. "भैया, सवारी उतारो, बच्ची की जान का सवाल है!" ज्यांना रीत नव्हती त्यांची ही रीत.

दवाखान्यात शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिल्यावर झटके थांबले. मी तोवर स्वतःच्या पदराचा बोळा चावत उभी होते. डॉक्टरांनी पोरीच्या डोक्याचं हाड मागच्या बाजूनं दाबून पाहिलं, ते प्लास्टिकच्या चेंडूसारखं आत गेलं आणि परत वर आलं. मनगटाचा फोटो काढला, डोक्याला फार घाम येतो का तेही विचारलं. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी विचारलं, "धूप में ले जाती हैं इसे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"और आप खुद बैठती हैं?"

मी पुन्हा मान हलवली. ते म्हणाले, "माँ के दूध में विटामिन डी वैसे ही कम होता है. आपके शरीर में ही नहीं है तो बच्ची को कहाँ से मिलेगा? रिकेट्स है. दवा पूरी दीजिए, सिर्फ़ धूप के भरोसे मत रहिए."

रिकेट्स म्हणजे मुडदूस. घरी आल्यावर मी तो शब्द उच्चारला आणि सासूबाई पाटावरून उठल्याच. "मुडदूस? आपल्यात? तो झोपडपट्टीतल्या पोरांना होतो!" पोर वाचली याचा आनंद एका बाजूला राहिला, साहेबांच्या घरात गरिबांचा रोग शिरला कसा याची चिंता सुरू झाली. संध्याकाळपर्यंत कुटुंबानं निकाल देऊन टाकला होता: दात येताना आकडी आली. पोरीच्या तोंडात दाताचा पत्ता नव्हता, पण ते कोण बघतंय! पाहुणे आले की औषधाची बाटली तुरीच्या डाळीच्या डब्यामागे जायची. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "लोकांना कशाला सांगायचं उगाच?"

महिनाभरात रथसप्तमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होतं आणि पोरीचं बोरन्हाणही. सासूबाईंनी पहाटे उठून पाटावर सूर्याचा रथ काढला, अर्घ्य दिलं, अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालवलं. एवढा थाटमाट सूर्यासाठी! आणि बोरन्हाणाची तयारी कुठे? आतल्या खोलीत, पडदे ओढून. मला हसावं की रडावं कळेना. मी लॉनवर सतरंजी टाकली, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेली पोर मधोमध बसवली, पाठीला उशी लावली आणि सांगितलं, "बोरन्हाण इथंच होईल."

लखनौच्याच महानगर भागातून आलेल्या मराठी बायका डोक्यावर पदर ओढून नाइलाजानं उन्हात आल्या. पोरीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि रेवड्या ओतल्या, कॉलनीतली पोरं त्यावर तुटून पडली. माझी लेक खदखदून हसली. तेवढ्यात एकजण म्हणाल्या, "बरी दिसतेय हो आता. दातांमुळेच झालं ना ते?"

"हो हो, दातांमुळेच," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"दात नव्हे," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मुडदूस झाला होता तिला. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवली म्हणून."

वाण घेणारे हात थांबले. सुनेनं चारचौघांत अब्रू काढली, हे सासूबाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला मनापासून बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

बायका आत फराळाला गेल्या. एक तरुण सून मात्र मागे राहिली. लखनौतच वाढलेली, मराठी समजायचं पण बोलायची हिंदी. तिच्या कडेवर दोन-तीन महिन्यांचं बाळ होतं, डोळ्यांपर्यंत गुंडाळलेलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, सिर पर बहुत पसीना आता था क्या उसे?"

मी हात लांब करून तिच्या बाळाच्या टोपड्याची नाडी सोडली. आतलं जावळ चिंब भिजलेलं होतं.

दारातून तिच्या सासूचा आवाज आला, "अगं, डोकं झाक त्याचं!"

तिनं टोपडं माझ्या हातातून घेतलं आणि कमरेला खोचलं.

"अस्पताल कौन सा था, दीदी?" तिनं विचारलं.