कोरड्या तलावातला बटरफ्लाय

"हे जागं हाय का?"

आमच्या मॅडमचा नमस्कार हाच. लातूरच्या पोहण्याच्या तलावावर सराव घेताना त्या मागून यायच्या, माझ्या खांद्याच्या पात्याखाली अंगठा रुतवायच्या आणि विचारायच्या. मी "हो" म्हटलं की अजून जोरात दाबायच्या. "हो म्हणायलीस! मंग घोरतंय कोण?"

मॅडम उदगीरच्या. आवाज असा, की पाण्याखालीही ऐकू यावा. लोक पोहणाऱ्याच्या दंडांचं कौतुक करतात, याचा त्यांना भारी राग. "हात वढतो गं, पर त्याला धरतंय कोण? पाठ! पाठ झोपली की खांदा सुटला."

माझा सुटला होताच. दोन्ही हात एकदम पुढे फेकत बटरफ्लाय मारताना दमले की उजवा खांदा सांध्यातून निसटायचा. दोनदा निसटला. आणखी एकदा निसटला तर स्पर्धा कायमच्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नांदेडची निवड चाचणी तर समोर उभी. पोहणं सुटणार या विचारानं मी जेवताजेवताही रडायचे.

त्यात उन्हाळ्यात पाणीटंचाई आली आणि तलाव रिकामा केला. आम्हाला वाटलं, आटोपलं सगळं. दुसऱ्या दिवशी मॅडम सायकलच्या जुन्या ट्यूबा गळ्यात घालून हजर! "चला, उतरा खाली."

तुम्ही कधी कोरड्या तलावात पोहला आहात का? आम्ही पोहलो! तळाच्या फरशीवर वाकून उभं राहायचं, शिडीला बांधलेली ट्यूब दोन्ही हातांनी मागे ओढायची आणि पाठीवर मॅडमचा अंगठा. ओढताना पातं डगमगलं की पुन्हा पहिल्यापासून. येणारेजाणारे खदाखदा हसायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर काळजीनं विचारलं, "बाई, पाणी कुठं हाय?"

"येईल की, मामा. तवर पोरी तयार नकोत का?"

आणि एका सकाळी त्यांच्या अंगठ्याखाली काहीतरी झटकन आवळलं. मलाही कळलं! "उठलं! उठलं गं!" मॅडम ओरडल्या आणि माझा हात धरून त्या रिकाम्या तलावात चक्क नाचल्या. जाड चष्मा, पायात मोजे, अशी ती बाई नाचत होती आणि आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो.

पुढे तलाव भरला, सराव झाला आणि नांदेडचा दिवस आला. शेवटच्या टप्प्यात हात जड झाले. खांदा आता निसटतो, असं वाटलं आणि पाठीनं तो धरला! अगदी मुठीत धरावा तसा धरला! भिंतीला दोन्ही हात टेकले तेव्हा मॅडम काठावर ओणव्या झाल्या होत्या. वेळ किती लागला ते त्यांनी पाहिलंच नाही. मला वर ओढलं आणि ओल्या पाठीवर अंगठा रुतवला.

"जागं हाय का?"

"हाय, मॅडम!"

माझी निवड झाल्याचं आम्हाला नंतर कुणीतरी येऊन सांगितलं.

यंदाच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. झोपेतच गेल्या. दुसऱ्यांना जागं करत फिरणाऱ्या बाईनं असं जावं, याचा मला अजून राग येतो.

तलाव सध्या काठोकाठ भरलेला आहे. उडी मारण्याआधी मी हात मागे नेऊन ती जागा चाचपते. आपला अंगठा आपल्याच पाठीवर तिथवर पोचत नाही. मग मी शिडीच्या दांड्याला पाठ लावते, जोरात दाबते आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगते, "जागं हाय, मॅडम."