मंजूर संहितेबाहेरचं कडवं

धम्मप्रिया सोनकांबळे उमरीला राहते. वय सत्तेचाळीस. तिचे वडील साहेबराव जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे. त्यांच्यामागे कोरस धरता धरता ती गाणं शिकली आणि लग्नानंतरही तिनं ते सोडलं नाही. दारूवर, हुंड्यावर, नदीतल्या वाळूउपशावर तिनं स्वतः गाणी रचली. पण त्यावर घर चालेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं कलापथक नोंदवलं. ढोलकीला विनोद, पेटीला आनंदराज, कोरसला रेणुका. सरकारी योजनांचा प्रचार गावोगाव गाऊन करायचा, असं ते काम.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना बारा गावं मिळाली. विषय होता पाण्याची बचत. गाणी नांदेडच्या कचेरीतूनच छापून आली, प्रत्येक पानावर शिक्का मारलेला. नळ उघडा ठेवू नका, गाडी पाइपानं धुऊ नका, अंगण शिंपू नका.

"हे कुणाला सांगून राहिलो आपण?" तिनं विनोदला विचारलं.

"ताई, दिलंय ते गाऊ," तो म्हणाला. त्याला नुकतीच मुलगी झाली होती, आणि लई दिवसांनी सलग काम मिळालं होतं.

चौथं गाव देगलूरच्या पुढं, सीमेलगत. कार्यक्रम शाळेसमोर होता. नेमका नळाचा दिवस असल्यानं बाया रिकाम्या घागरी घेऊनच ऐकायला उभ्या होत्या. पहिलं गाणं संपलं तशी सिद्धम्मा नावाची म्हातारी पुढं आली.

"गळा गोड हाय बाई तुझा. पण जपायचं काय? नळाला नवव्या दिवशी पाणी येतंय, ते बी तासभर."

"अव्वा, गावात विहीर न्हाई का?"

"हाय की. सरकारीच हाय. पण तिला जाळी बसवून कुलूप लावलंय. उपसरपंचाच्या मेव्हण्याचा जारचा धंदा हाय. तिथलंच पाणी भरतो अन् लग्नाच्या हॉलला विकतो. आमाला बी विकतो."

धम्मप्रिया विहिरीकडे जाऊन आली. मोटार चालू होती, पाइप थेट पत्र्याच्या शेडमध्ये गेलेला. परतल्यावर तिनं कागद बाजूला ठेवला आणि त्याच चालीत स्वतःचं कडवं म्हटलं :

नळाची तोटी बंद करा, हे गावाला सांगता,
विहिरीला कुलूप घालून, जार कुणाला विकता?

बाया हसल्या, मग त्यांनीही म्हटलं. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं. संध्याकाळपर्यंत ते नांदेडला पोचलं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. मंजूर संहितेबाहेरील मजकूर सादर केल्यामुळे उर्वरित आठ कार्यक्रम रद्द.

विनोदनं ते दोनदा वाचलं. "ताई, तुम्ही खरं तेच बोलला. पण आमाला इचारायचं तरी व्हतं."

तिनं खरंच कुणाला विचारलं नव्हतं. महिनाभरात तो लातूरला एका बँडमध्ये लागला. आनंदराजनं भांडण केलं नाही, फक्त फोन घेणं बंद केलं.

ती नांदेडला कार्यक्रम देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांना भेटली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला.

"आवाज छान आहे तुमचा. शब्द मात्र आमचे ठेवा. आणि विहीर आमच्या विभागाकडे नाही. पाणीपुरवठा विभागाकडे अर्ज करा."

तिनं अर्ज केला. तो तालुक्याला गेला, तिथून ग्रामपंचायतीत. तीन महिन्यांनी उत्तर आलं : सदर विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याने विहीर वापरात नाही.

पत्र घेऊन ती पुन्हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. "पिण्याजोगं न्हाई म्हणता, मग तेच जारात भरून लोकांना कसं पाजतात?"

"जारचा विषय वेगळा," कारकून म्हणाला. "नवा अर्ज द्या. गावकऱ्यांच्या सह्या जोडा, म्हणजे वजन पडेल."

म्हणून ती एकटीच एसटीनं त्या गावात गेली. सिद्धम्मानं तिला ओळखलं, आत बोलावलं, प्यायला पाणी दिलं. धम्मप्रियानं सहीचा कागद पुढे केला, तसे तिनं हात मागे घेतले.

"न्हाई बाई. तू गाऊन गेलीस, त्याच्यामागं आमच्या गल्लीला बाराव्या दिवशी पाणी आलं. इचारलं तर म्हणे, नळाचा वॉल खराब हाय. बाकीच्या गल्लीत नवव्याच दिवशी आलं."

"मग तेच लिहू की कागदात."

"लिही. तू उमरीला जाशील. आमाला हितंच राहायचं हाय."

धम्मप्रियाला राग आला. म्हाताऱ्या बाईवर कसला राग काढायचा, हे कळून तो आणखी वाढला. ती आणखी सहा घरं फिरली. एका घरात दार उघडलंच नाही. एकीनं सांगितलं, मालक घरी आले की बघू. संध्याकाळच्या गाडीत बसली तेव्हा कागद कोराच होता.

शेवटी तिनं एकटीच्या नावानं अर्ज दिला.

"तुम्ही त्या गावच्या?" कारकुनानं विचारलं.

"न्हाई."

"मग अर्जदाराचा संबंध काय लिहू?"

"लिहा, नागरिक."

त्यानं तो रकाना रिकामाच ठेवून पोच दिली. त्याला आता पाच महिने झाले. यंदाच्या यादीत तिच्या पथकाचं नाव नाही. रविवारी रेणुका येते, दोघी पेटी-ढोलकीविना सराव करतात. मध्येच धम्मप्रिया थांबते आणि म्हणते, "सोमवारी एकदा जाऊन अर्जाचं इचारून येते." रेणुका पुढची ओळ धरते. मागचे तीन सोमवारही धम्मप्रिया जाऊनच आली आहे.