कावड टांगायला जागा

रामकुंडावर दादानं दोन कलश भरून कावड खांद्यावर घेतली, तेव्हा आभाळ कुंद होतं आणि माझी पाठ आधीच दुखत होती. कावड म्हणजे आडव्या बांबूच्या दोन टोकांना टांगलेले पाण्याचे कलश. कोजागरीला गोदावरीचं हे पाणी चालत सप्तशृंगीच्या गडावर न्यायचं, देवीच्या स्नानाला. नियम कडक: वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही. वहिनी उन्हाळ्यापासून अंथरुणात. डॉक्टर हल्ली आमच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. दादा वहिनींच्या नावानं कावडीचा नवस बोलला होता. मी सोबत होतो, म्हणजे बिस्किटं आणि मलम वाहत होतो.

दिंडोरीपर्यंत मी गप्पा मारल्या. पुढे द्राक्षबागांच्या कडेनं नुसता चिखल तुडवला. दादाला कणकण होती. काही विचारलं की "चल" एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या संध्याकाळी वणीला पोचलो. गावातलं सभागृह यात्रेकरूंना मोफत खुलं होतं. आत सतरंज्या, ओल्या मोज्यांचा वास आणि संडासापुढे रांग. भिंतीलगत खांबांना लांब बांबू बांधलेला, त्यावर ओळीनं कावडी झुलत होत्या. पिठलं-भाकरी वाढणारी बाई ओरडली, "सरका रं जरा, माणसं दमून आल्यात!" आणि दोघांपुरती जागा झाली.

मी रांगेकडे पाहिलं आणि माझी भक्ती तिथंच संपली. "दादा, तुला ताप आहे. समोर लॉज आहे, गरम पाणी आहे."

"मी बरा आहे इथं."

"उद्या गड चढायचाय. पडलास तर वहिनींना काय सांगू?"

वहिनींचं नाव काढलं की तो वाद घालत नाही, हे मला ठाऊक होतं.

लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. पांढऱ्या चादरी, टीव्ही, गीझर, सगळं होतं. कावड टांगायला मात्र काही नव्हतं. दादा ती खांद्यावर घेऊन मधोमध उभा.

"पलंगावर ठेव."

"पलंगाचे पाय जमिनीवरच ना?"

"अरे, आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत! जमीन खाली राहिली."

"पाय टेकतात ती जमीन."

शेवटी मी पडद्याच्या दांडीला कावड अडकवली, ओढून पाहिली आणि स्वतःवर खूश होऊन आंघोळीला गेलो. अंगाला साबण लावतोय तोच बाहेर धाडकन आवाज. टॉवेल गुंडाळून धावलो, तर दांडी पलंगावर, कलश फरशीवर आणि गोदावरी दाराखालून जिन्याकडे निघालेली. दादा चादरीनं पाणी टिपत होता. मग टिपायचंही थांबला. ओली चादर छातीशी धरून बसला.

"दादा..."

"राहू दे. कपडे घाल, सर्दी होईल."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रिकामी कावड घेऊन तो सभागृहात परतला, मागून मी. बांबूला ती टांगताना शेजारच्या म्हाताऱ्यानं पाहिलं. निफाडकडचा होता.

"हलकी दिसती की, भाऊ?"

दादानं झालेलं सांगितलं.

"मग माझ्यातलं घ्या अर्धं. गोदामाईचंच हाय."

"तुमची कुणाच्या नावाची आहे?"

"पोराच्या नावानं आणायचो. पोरगं गेलं औंदा. पाय ऐकत नाय म्हणून आलो. घ्या, लय जड झालीय."

म्हाताऱ्यानं ओतायला घेतलं, दादानं दोन्ही हातांनी आपला कलश धरला. एक थेंब सांडला नाही. मी मदतीला पुढे झालो, तर भाकरीवाल्या बाईनं अडवलं, "तुम्ही नका बाबा हात लावू."

दुसऱ्या दिवशी गडावरच्या गर्दीत कलश हातोहात पुढे गेले. देवी नीट दिसलीही नाही. एसटीनं इंदिरानगरला घरी आलो.

वहिनींनी उशीवरूनच विचारलं, "पाणी पोचलं ना?"

मी स्वयंपाकघराकडे सटकलो. दादानं मात्र सगळं सांगितलं, दांडीसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाणी दिलं त्यांचं नाव काय?"

आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. सभागृहात कुणी कुणाला नाव विचारत नाही. लॉजवर आधी तेच विचारतात. एरवी हे सभागृहाचं मोठेपण म्हणून मी चार लोकांत सांगितलं असतं.

"निफाडकडचे होते," दादा म्हणाला.

निफाड कुठल्या बाजूला येईल याचा वहिनींनी अंदाज घेतला, त्या बाजूच्या कपाटाकडे तोंड वळवलं आणि हात जोडले. हात फार वेळ वर राहिले नाहीत.