झवियाने घरी बसवलेले ब्रेक

रक्ताला, जखमेला झविया कधी भ्यायली नाही. डोंगरावरच्या रिंगलेट गावच्या दवाखान्यात नर्स होती ती. पण घाटात ब्रेक तापून पेडल थेट तळाला गेलं, त्या दिवसापासून तिची झोप उडाली. डोंगराकडच्या नालीत चाक अडकलं, म्हणून ती आणि शेजारी बसलेली आई वाचल्या. आईला इस्पितळात न्यायला दर शुक्रवारी तोच घाट उतरून पायथ्याच्या तापाहला जायचं होतं.

ज्या मेकॅनिकने आदल्याच आठवड्यात ‘ब्रेक झकास आहेत’ म्हणून सांगितलं होतं, त्याच्याकडे जायला तिचं मन धजेना. भंगारवाल्याकडून तिने मोठ्या गाडीच्या ब्रेकच्या जाड डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर आणले, दारातच गाडी जॅकवर चढवली आणि बिस्मिल्ला म्हणून पाना हातात घेतला.

सगळं बसवून झाल्यावर ब्रेक-तेलाच्या नळीतली हवा काढायला आईला पेडल दाबायला बसवलं.

“दाब, आई. धरून ठेव.”

“धरलंय गं. पायाला मुंग्या आल्या!”

बुडबुडे थांबले, तरी पेडल मऊच. दाबलं की रुतत जाई.

कुंपणापलीकडून शेजारचे पाक लाझिम म्हणाले, “नवीन आहेत. दोनदा घाट उतरलीस की बसतील जागेवर.”

“नाहीतर आम्ही बसू. दरीत!” आई म्हणाली.

झवियाने चाकं पुन्हा काढली. एकेक भाग निरखत गेली. मग तिच्या लक्षात आलं: हवा काढायचा बोल्ट वर असायला पाहिजे, तो खाली होता. डावा कॅलिपर उजवीकडे लागला होता, उजवा डावीकडे. हवा वरच अडकून पडलेली. अशा गाडीत ती आईला घेऊन निघणार होती! तिने पुन्हा पाना उचलला.

अदलाबदल करून पुन्हा हवा काढल्यावर पेडल दगडासारखं घट्ट लागलं. तरी शुक्रवारी ती म्हणाली, “आई, तू उतर. आधी मी एकटी जाऊन येते.”

“दिवसभर पेडल मी दाबलं, आणि मीच उतरू? चल.”

प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी झविया ब्रेक दाबत होती. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. गाडी दर वेळी थांबत होती आणि दर वेळी तिला वाटत होतं, पुढच्या वळणावर नाही थांबणार.

इस्पितळाच्या दारात आईने पट्टा सोडला. “उतर की आता. डॉक्टर उठून जातील.”

“थांब जरा,” झविया म्हणाली. “पेडलवरून पाय उचलवत नाहीये.”