फिकट गुलाबी

दुधात गुलाबाचं सरबत ओतताना आज हात जरा सैल सुटला आणि ग्लास भडक गुलाबी झाला. लगेच वैदेही आठवली.

बारावीत प्रयोगशाळेत ती माझ्या शेजारच्या टेबलावर असायची. ब्युरेटच्या उंच काचनळीतून जांभळं द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि खालच्या फ्लास्कमध्ये जेमतेम गुलाबी छटा टिकली की तोटी बंद करायची, एवढाच प्रयोग. तिची छटा नेहमी पहाटेच्या आभाळासारखी फिकट. माझी कायम भडक.

दहावीनंतर अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. मी ते मनावर घेतलं, तिने नाही. त्यामुळे बारावीत मी रसायनशास्त्रातला मोल म्हणजे काय इथपासून घोकत बसले होते, आणि ही बाई खिडकीबाहेर बघत तोटी फिरवायची! "अगं, रंग दिसायच्या आधीच हात हळू करायचा," ती सांगायची. इतक्या प्रेमाने सांगायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिचं एकदा तरी चुकावं, असं मला मनापासून वाटायचं.

अकरावीचं सगळं हळूहळू भरून काढलं. मग एका दुपारी माझ्याही फ्लास्कमध्ये तीच फिकट छटा उमटली आणि टिकली. वैदेहीने हे पाहायलाच हवं होतं. मी वळून बघितलं, तर ती केव्हाच सामान धुऊन निघून गेली होती.

पुन्हा फ्लास्ककडे पाहिलं. तोटी बंद करायची राहिली होती, आणि पाणी भडक गुलाबी झालं होतं.