उजेडाचा ओटा

आई पडली आणि नगरच्या डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची कायमची बंदी केली. शेवगावला परत येताना एसटीत दुखण्याचं तिला फारसं काही नव्हतं. आता भाकरी कशी करायची, हा घोर लागला होता. जन्मभर तिने चुलीपुढं बसूनच थापलेली. त्यानंतर भाकरी वहिनी करू लागली आणि वर मायेनं म्हणायची, "तुमी बसा निवांत." आईला नेमकं तेच झोंबायचं. आपल्याच घरात ती पाहुणीसारखी जेवायला लागली.

थोरला भाऊ तेव्हा नवं घर बांधत होता. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा झाला होता, स्वयंपाकाचा ओटा तेवढा व्हायचा होता. गवंड्याने नेहमीचं माप धरलं. वहिनी उंच, तिला ते चाललं असतं. आई तिच्या खांद्याला लागते. मी नकाशा उलगडून तिला विचारलं तर म्हणाली, "कागदावर भाकर थापता येती व्हय?" बोलणं तिरकस होतं, पण खोटं नव्हतं.

मी नगरला एका तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. शाळेत ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पारदर्शक कागदावर काढलेलं चित्र तो दिव्याच्या उजेडात भिंतीवर मोठं करून दाखवी. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून तो सुट्टीपुरता मागून घेतला, गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन गावी आलो. भावाने विचारलं, पिच्चर दाखवतो की काय.

दुपारी नव्या घराच्या खिडक्यांना ताडपत्री बांधली. प्रोजेक्टर मागंपुढं सरकवत टेपने भिंतीवरचं माप जुळवलं आणि कोऱ्या गिलाव्यावर अख्खं स्वयंपाकघर उभं राहिलं. ओटा, नळ, वर फडताळं, सगळं खऱ्या मापाचं. त्यातली रेघ न् रेघ मीच मारली होती, तरी अंगावर काटा आला. वहिनीने नसलेल्या फडताळाकडे हात नेला आणि स्वतःशीच हसली. आई काठी टेकत दारात आली, बघतच राहिली. खाली नुसता मुरूम होता, तरी तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. उजेडाचं का असेना, ते स्वयंपाकघर होतं. तिच्यामागं आम्हीही मुकाट्याने चपला काढल्या.

ती भिंतीला लागून उभी राहिली. ओट्याची रेघ गिलाव्यावरून तिच्या पदरावर चढली, तिथून हातावर. मग तिने त्या रेघेवर, हवेतच, भाकरी थापायला सुरुवात केली. हात गोल फिरत होता, बोटं कड सारखी करत होती. इतक्या दिवसांनी ते हात तसे चालताना पाहिले.

"कोपार वर जातंय," ती म्हणाली. "वरून जोर पडाय पायजे, न्हाई तर कड जाड ऱ्हाती."

मी कागद सरकवला. सगळं स्वयंपाकघर सावकाश खाली उतरलं. ती थापून बघायची, मान हलवायची, मी आणखी सरकवायचो. शेवटी तिने रेघेवर तळवा टेकला. "हितं."

आणि लाईट गेली.

ओटा गेला, नळ गेला, काही म्हणता काही दिसेना. अंधारातून आईचा आवाज आला, "माझा हात हितंच हाय. आदी खूण करा."

भाऊ चाचपडत गेला. तिचा दंड धरून मनगटाशी पोचला आणि तळव्याखाली कोळशाने रेघ ओढली. मी ताडपत्री सोडली. समोर कोरी भिंत, एक वाकडीतिकडी काळी रेघ आणि तिच्यावर आईचा तळहात. तो तिने अजून हलवला नव्हता.

ओटा दोन पायऱ्यांचा झाला, वहिनीसाठी उंच आणि आईसाठी ठेंगणा. बघणारे हसले. घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परात शोधत आत गेली, तर परात ठेंगण्या ओट्यावर होती आणि तव्यावर पहिली भाकरी फुगत होती. आईने मागं वळूनही पाहिलं नाही.

"तू बस निवांत," ती म्हणाली.